तिनं पाणी का घेतलं नाही

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी हबूबाच्या केसांना मेंदी लावत होते. हबूबा म्हणजे आजी. आखातातल्या सीब गावच्या या घरात सगळे तिला तसंच म्हणतात आणि मीही म्हणते. माझे हात भरलेले होते म्हणून तिनंच थरथरत्या बोटांनी फोन उचलून माझ्या कानाला धरला, आणि एक शब्द कळत नसताना आमचं सगळं बोलणं ऐकत बसली.

भाऊ म्हणाला, यंदा खांब बसवायचं ठरलं आहे. नवाई झाली, म्हणजे घरोघरी नवं धान्य खाऊन झालं, की भाऊबंद बसून नावं ठरवणार आणि थंडीत खांब पुरणार.

आमचा पाडा सातपुड्यात आहे. आमच्या भाऊबंदकीत गेलेल्या माणसांच्या नावानं सागाचे खांब पुरतात. खांबावर त्या माणसाची खूण कोरलेली असते. कुणाचा घोडा, कुणाचा तीरकामठा, बायकांच्या खांबावर विळा नाहीतर घागर. वर्षातून एकदा सगळ्यांनी जमून प्रत्येक खांबापुढं मोहाच्या दारूची धार सोडायची. वाळवी लागून खांब गेले की पुन्हा नवे करायचे, पण हे काम लवकर येत नाही. मागचे बसवले तेव्हा मी आईच्या पाठीवर होते. ज्याचा खांब नाही त्याला धार नाही, आणि ज्याला धार नाही तो आमचा पूर्वज धरत नाहीत.

मी विचारलं, "आणि तिचा?"

कोण ती, हे त्याला विचारावं लागलं नाही. तो म्हणाला, "बाई, तिचा कधी होता?"

तिचं नाव मी इथं लिहीत नाही आणि खरं तर पाड्यात ते कुणाला ठाऊकही नाही. तिला सगळे सायबाचं तोंड म्हणतात. माझ्या आज्याच्या आज्याची ती आई, की अजून एक पिढी मागची, कुणी मोजलेलं नाही. पण आम्ही तिचेच, हे सगळ्यांना माहीत आहे.

तिची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली ती अशी. ती आईबरोबर डिंक आणि मध विकायला खाली सपाटीवरच्या बाजारात जायची. तिथं बसून बसून तिला बाजाराची भाषा आली. तेव्हा घाटातल्या वाटा आमच्या नाईकांच्या हातात होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याकडून ते वाटेचा वाटा घेत. मग खाली गोऱ्या साहेबांचं राज्य आलं. त्यांना हे चालेना. पलटण डोंगरात चढली. काही पाडे जाळले. आमच्या पाड्यातले पुरुष रानात पांगले, तेव्हा बायका आणि पोरं धरून त्यांनी छावणीत नेऊन बसवली. शेवटी नाईक बोलायला तयार झाला. पण बोलणार कसं? साहेबाची भाषा त्याच्या मुनशीला यायची. मुनशीला बाजाराची भाषाही यायची, पण डोंगराची येत नव्हती. बाजाराची आणि डोंगराची अशा दोन्ही भाषा येणारं माणूस एकच निघालं. ती.

नदीकाठी सादड्याच्या झाडाखाली बोलणं झालं. एका बाजूला साहेब खुर्चीवर, दुसऱ्या बाजूला नाईक दगडावर, आणि मध्ये ही उभी. उन्हाळ्याचे दिवस. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ती उभीच होती. साहेब धमकी द्यायचा तर ही ती तशीच्या तशी द्यायची. नाईक शिव्या द्यायचा तर त्याही तशाच मुनशीपुढं ठेवायची, आणि मुनशी घाबरून निम्म्या गिळून टाकायचा. गोष्ट सांगताना म्हातारे इथं हमखास हसतात. आपल्या बाजूच्या कुणीतरी तिला तुंबा दिला, भोपळ्याचा, थंड पाण्याचा. तिनं घेतला नाही. साहेबाच्या शिपायानं पाणी पुढं केलं. तेही घेतलं नाही. संध्याकाळी नाईकानं मान्य केलं. तीरकामठ्यांचा ढीग झाला. बायकापोरं छावणीतून परत आली. मग ती नदीत उतरली आणि स्वतःच्या ओंजळीनं पाणी प्याली.

इथं आल्यावर म्हातारे हसायचं थांबवतात. आमच्यात आल्यागेल्याला आधी पाणी देतात, आणि दिलेलं पाणी कुणी परत केलं तर त्याचा एकच अर्थ. तो आपला राहिला नाही. पुढं जंगल सरकारचं झालं. कुऱ्हाड न्यायची बंदी झाली, नाके आले, गार्ड आले. लोक म्हणाले, हिच्या तोंडातून आपलं जंगल गेलं. तिला कुणी हाकललं नाही. तिला नवरा होता, लेकरं झाली, ती पाड्यातच म्हातारी होऊन मेली. फक्त खांब केला नाही.

राहिली ती शिवी म्हणून. लहान पोर मोठ्यांच्या मध्ये बोललं की बायका म्हणतात, आलं बघा सायबाचं तोंड.

मलाही म्हटलं. आश्रमशाळेत गुरुजी मराठी बोलायचे आणि आम्हा पोरांना मराठीचा गंध नव्हता. मला ते सगळ्यांच्या आधी कळायला लागलं. गुरुजी मला उभं करायचे आणि म्हणायचे, सांग त्यांना. मी सांगायची. मला ते आवडायचं. दोन्हीकडची माणसं माझ्या तोंडाकडं बघत असायची. एकदा गुरुजींनी सांगितलं की उवा फार झाल्या आहेत, उद्या सगळ्यांची डोकी भादरायची, पोरींचीसुद्धा. मी ते सांगितलं. माझंही डोकं त्यात भादरलं गेलं, पण त्यानं काही फरक पडला नाही. मुलींना वाटलं हे मीच ठरवलं. टकल्या डोक्यांनी माझ्याभोवती फेर धरून त्या म्हणाल्या, सायबाचं तोंड, सायबाचं तोंड. त्यानंतर मी मिटले. चौथीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, ऊसतोडीला गेले, नवरा वारला, सुरतेला धुणीभांडी केली, आणि या सगळ्यात मी फार कमी बोलले. लोक म्हणायचे, गुणी आहे, तोंड वर करत नाही.

सुरतेत ज्यांच्याकडं काम करायची ते इंजिनिअर साहेब आपल्या मराठवाड्यातले. त्यांना इथं नोकरी लागली आणि मुलं सांभाळायला ते मलाही घेऊन आले. अल हैलला राहायचो. मुलं शाळेत जाऊन इंग्रजीच बोलायची, म्हणून त्यांच्या आईनं, ताईंनी, मला काम लावलं की रोज संध्याकाळी मराठी गोष्टीची पुस्तकं मोठ्यानं वाचायची, मुलांच्या कानावर पडू दे. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून मी वाचायची. मुलांचं मराठी अडखळतच राहिलं, माझं मात्र सुधारलं. ते लोक परत गेले तेव्हा ताईंनीच हबूबाच्या घरी माझं जमवून दिलं. आता हे लिहिता येतं ते त्यांच्यामुळं. लिहायला घसा लागत नाही.

हबूबाला तिची भाषा सोडून काही येत नाही. तिची अरबी मला तिच्या उशाशी बसून आली. हळूहळू असं झालं की घरात नर्स आली, दूधवाला आला, पत्र्याचं काम करणारा आला, की हबूबा हाक मारते, बिंती, म्हणजे पोरी, हा काय म्हणतो? आणि मी सांगते. माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मला स्वतःचं काही मागायचं असलं, रजा किंवा एखादं पांघरूण, तर दोन दिवस शब्द गोळा करावे लागतात आणि तरी निम्मे पडतात. पण दुसऱ्याचं बोलायचं असलं की आवाज आपोआप येतो, तोही भरलेला. तो कुठून येतो हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

भावाचा फोन झाल्यावर हबूबानं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, जुनं आहे. ती म्हणाली, जुन्यासाठी इतकी मेंदी कपाळावर सांडलीस.

मला कळत होतं की या वेळी तिचा खांब झाला नाही तर पुढच्या खेपेला तिची गोष्ट सांगणारंच कुणी असणार नाही. म्हातारे जातील. मग शिवी तेवढी उरेल, आणि शिवी कुणावरून पडली हेही कुणाला ठाऊक नसेल. पण भाऊबंदांपुढं बोलायचं कुणी? भाऊ धाकटा, त्याला मोठा बा गप्प करणार. मोठा बा म्हणजे आमच्या वडिलांचा थोरला भाऊ, आता पाड्यात सगळ्यांत वयानं मोठा. आणि मी बोलणार तर काय बोलणार? पाणी परत केलं होतं, हे तर खरंच होतं.

त्याच दिवसांत एसीवाल्याचं प्रकरण झालं.

हबूबाच्या थोरल्या मुलाचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला आम्ही सगळे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतो. त्याच्याकडं एक मेकॅनिक आहे, रत्नागिरीकडचा, अल अमेरातला चारपाच जणांत खोली करून राहतो. बोलका माणूस. आमच्याकडं एसी साफ करायला आला की नळी हातात धरून गप्पा मारतो. त्या दिवशी मात्र गप्प होता. मी चहा दिला तेव्हा म्हणाला, "ताई, यंदा गणपतीची पाळी माझी आहे हो."

त्यांच्या घराण्यात गणपती एकच, आणि भावाभावांत दर वर्षी घर बदलतो. यंदा त्याच्या घरी यायचा. पाळी येऊन घरधनीच नाही, असं त्यांच्यात कधी झालेलं नाही. पण इथं तो काळ उकाड्याचा, एसीच्या कामाचा. अर्बाबाला त्यानं विचारलं होतं. अर्बाबाला दुकानापुरती हिंदी येते. तो म्हणाला, छुट्टी नहीं, खलास. आणि गाडीत बसून गेला.

मी हे हबूबाला सांगितलं. कामापुरती भाषा असली की नकार द्यायला फार सोपं जातं, कारण समोरच्याला पुढचं बोलताच येत नाही. हबूबा दात नसलेल्या तोंडानं थोडा वेळ खजूर चघळत राहिली. मग म्हणाली, शुक्रवारी नमाजानंतर त्याला बोलाव. माझ्या मुलासमोर बसव. कहवा दिला की घ्यायचा, समोर ठेवायचा, आणि प्यायचा नाही.

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याला दारातच सांगितलं. तो घाबरला.

"न पिता ठेवू? अर्बाबाला वाटेल ह्याला माज आला. आमच्याकडे चहा नको म्हटलं तर चुलीपर्यंत भांडण जातं."

मी म्हटलं, "आमच्याकडंही. पण घर त्यांचं आहे, रीत त्यांची."

आत गालिचावर अर्बाब बसला होता, भिंतीशी हबूबा टेकलेली. कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, मीच ओतते. ओतणाऱ्यानं स्वतःलाही एक कप ओतून घ्यायचा, हा या घरात हबूबाचा नियम आहे. मी सगळ्यांना दिला, माझा माझ्यापुढं ठेवला. खजूर फिरले. मेकॅनिकनं कप गालिचावर ठेवला आणि हात मांड्यांखाली दाबून बसला, जणू ते आपण होऊन कपाकडं जातील. एसी चालू होता तरी त्याच्या कानामागून घाम उतरत होता.

अर्बाबाचं बोलता बोलता कपाकडं लक्ष गेलं. त्यानं कपाकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. ती दुसरीकडंच बघत होती. त्याला हसू आलं ते त्यानं मिशीत ठेवलं. मग तो सरळ बसला आणि मला म्हणाला, त्याला विचार, कहवा का पीत नाही?

मी विचारलं. मेकॅनिक म्हणाला, आणि मी त्याच्या शब्दाला शब्द लावून अरबीत म्हणाले, की माझं एक मागणं आहे. आमच्या घराण्यात वर्षाचा एक पाहुणा येतो. दर वर्षी एका भावाकडं उतरतो. यंदा तो माझ्या घरी येणार आहे. तुम्ही मला सांगा, पाहुणा दारात आला आणि घरचा मालक नसला तर त्या घराला लोक काय म्हणतील?

हे सांगताना माझा आवाज मला ऐकू येत होता. तो खोलीच्या कोपऱ्यापर्यंत जात होता. अर्बाबानं विचारलं, पाहुणा कोण? मी ते मराठीत करण्याआधीच हबूबा म्हणाली, पाहुण्याला तीन दिवस कोण म्हणून विचारत नाहीत, हे तुझ्या बापानं तुला शिकवलं नाही का?

अर्बाबानं दोन्ही हात वर केले. हसला. मेकॅनिककडं बघून हिंदीत म्हणाला, "जा. पंधरा दिन. अब पी."

त्यानं तो कप असा एका घोटात संपवला की हबूबालाही हसू आलं. मी रिकामे कप गोळा करायला उठले. तेव्हा हबूबानं माझं मनगट धरलं. माझा कप भरलेलाच होता. बोलताना मी काही पीत नाही, तोंड मोकळं लागतं, मला त्याची आठवणही नव्हती. तिनं कपाकडं बोट केलं.

"आणि तू, बिंती? तू काय मागतेस?"

मी तशीच अर्धी वाकलेली उभी राहिले. माझ्या डोळ्यापुढं नदी आली, सादड्याचं झाड आलं, आणि मध्ये उभी ती. एका हाताचा तुंबा परत, दुसऱ्या हाताचं पाणी परत. इतकी वर्षं आम्ही सगळे तिनं काय नाकारलं तेवढंच बघत आलो होतो. ती काही मागत असेल, हे आमच्यातल्या कुणाच्या मनात आलं नाही. आणि गोष्ट तर मला तोंडपाठ होती. ती पाणी कधी प्याली तेही पाठ होतं.

मी हबूबाजवळ बसले आणि तिला सगळं सांगितलं. त्या घरात मी माझं म्हणून काही इतका वेळ बोलल्याचं पहिल्यांदा झालं. ऐकून तिनं फक्त एवढं म्हटलं, मग तुझ्या लोकांना सांग. मी म्हटलं, मला जमणार नाही. ती म्हणाली, आत्ता कोण बोलत होतं?

नवाई झाली आणि भाऊबंद बसायचा दिवस आला. पाड्यात फोनला रेंज नाही, ती टेकडीवरच्या एका मोहाखाली येते. भावानं काय सांगून त्या म्हाताऱ्यांना वर चढवलं कोण जाणे, पण फोनमध्ये मला ते सगळे दिसले, दम खात, बिड्या शिलगावत. मोठा बा मध्ये बसला होता. त्यानं फोन अगदी डोळ्याशी नेला, त्यामुळं मला बराच वेळ त्याचं नाकच दिसत होतं.

"तिथं वाळूत काय पिकतं गं?" तो म्हणाला. "मोह तर नसेल. मग कशी राहतेस?"

सगळे हसले. मला वाटलं होतं तसंच झालं. शब्द आले नाहीत. मी नुसती बघत राहिले. मागून एका चुलतभावानं म्हटलं, "हिला तोंडच नाही, आणि तोंडाचा खांब मागायला आली."

पुन्हा हसले. भाऊ काही बोलायला गेला तर त्याला हातानं बसवलं. माझ्या शेजारी हबूबा पलंगावर बसून होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला एकदम सुचलं की माझ्याकडं माझे शब्द नसले तरी मोठ्या बाचे आहेत.

मी म्हटलं, "मोठ्या बा, त्या दिवसाची गोष्ट सांगा. मला तिथून निघून लई दिवस झाले."

गोष्ट सांगा म्हटल्यावर आमच्यातला म्हातारा नाही म्हणत नाही. त्यानं बिडी विझवली आणि सुरू केली. बाजार, डिंक, पलटण, जळालेले पाडे. साहेबाची धमकी त्यानं साहेबासारखी मान ताठ करून दिली. मुनशीनं शिव्या गिळल्या तिथं सगळे ठरल्याप्रमाणं हसले. तुंबा दिला, घेतला नाही. शिपायानं दिलं, घेतलं नाही. नाईकानं मान्य केलं. तीरकामठ्यांचा ढीग झाला. "मग छावणीतून बायकापोरं आली. ही वाटेवर उभी राहिली आणि एकेक पोर पुढं गेलेलं बघितलं. शेवटचं पोर गेलं. मग ही नदीत उतरली आणि…"

तो थांबला.

मी विचारलं, "मोठ्या बा, आधी पोरं आली की आधी ती पाणी प्याली?"

"पोरं," तो म्हणाला.

फोनमध्ये वारा वाजत होता. मोठ्या बानं डोक्यावरचं फडकं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. मग कुणाकडं न बघता म्हणाला, "सोयरीक मागायला गेलेला मधला माणूस होकार आल्याशिवाय त्या घरचं पाणी घेत नाही."

ही रीत आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोठा बा स्वतः कितीतरी सोयरिकींत मधला माणूस होऊन उन्हात कोरड्या घशानं बसलेला आहे. माझ्याही लग्नाच्या वेळी बसला होता. पण ती लग्नाची रीत, आणि पुरुषाची. पलटणीपुढं उभ्या राहिलेल्या बाईला ती कुणी लावून बघितली नव्हती. मीही नाही. मला ती एका परक्या घरातल्या कहव्याच्या कपानं दाखवली, पण सांगितली मोठ्या बानं, आणि ते बरं झालं.

चुलतभाऊ मात्र ऐकेना. तो म्हणाला, ते असू दे, पण जंगल गेलं त्याचं काय? ते कुणाच्या तोंडातून गेलं?

हे मला आधीपासून ठाऊक होतं की कुणीतरी विचारणार. उत्तर मी तयार केलं नव्हतं. ते आलं, आणि माझ्याच आवाजात आलं, त्या भरलेल्या.

"दादा, जंगल तिच्याकडं द्यायला होतं का? तिच्याकडं तोंड होतं. साहेबाला जे घ्यायचं होतं ते त्यानं घेतलं, तिनं सांगितलं नसतं तरी घेतलं असतं, पाडा जाळून घेतलं असतं. त्या तोंडानं तिनं पोरं मागितली. जी परत आली त्यातलं एक तुझ्या घरचं होतं. म्हणून तू तिथं बसला आहेस."

मोठ्या बानं पुन्हा फोन डोळ्याशी नेला.

"तू तिथं काय काम करतेस म्हणालीस?"

मी म्हटलं, "म्हातारीला सांभाळते. आणि याचं त्याला, त्याचं याला सांगते."

"हं," तो म्हणाला. "रक्त आहे." आणि भावाला म्हणाला, एक साग जास्तीचा बघा.

मेकॅनिक गणपतीहून आला होता तो माझ्यासाठी घरचं खाजं घेऊन. म्हणाला, पाहुणा खूश होऊन गेला, अर्बाबाला सांगा. मी सांगितलं. अर्बाब खाजं खात म्हणाला, पाहुण्याला म्हणावं, दर वर्षी तुझ्याकडं येऊ नकोस.

थंडी पडली. इथली थंडी ती काय, हबूबा शाल घेते आणि मी पंखा बंद करते. खांब बसायच्या दिवसाचं भावानं आधीपासून सांगून ठेवलं होतं की खांबांच्या जागी रेंज नाही, तो सगळं फोनवर काढून घेईल आणि मग टेकडीवर येऊन पाठवील. दुपारी ते आलं. सकाळी ओतलेला माझा कहवा मी न पिताच हबूबाच्या उशाशी ठेवला होता. मी आणि हबूबा पलंगावर बसून बघत होतो आणि मी तिला एकेक सांगत होते. हा घोड्याचा खांब आमच्या पणज्याचा. ही विळ्याची माझी आजी. हबूबा मान हलवत होती.

मग रांगेत तिचा आला. ताज्या सागाचा, पिवळसर, बाकीच्यांच्या बरोबरीनं उभा. कोरणाऱ्यानं विचारलं होतं की हिची खूण काय करू, तोंड करू का? मोठा बा त्याच्यावर ओरडला म्हणे. खांबावर तुंबा कोरला होता, आणि तुंब्याखाली ओंजळ.

सगळ्या खांबांना मोहाची धार झाली. हबूबानं विचारलं, ते काय ओततात? मी म्हटलं, एका झाडाच्या फुलांचा रस. तेही खोटं नव्हतं.

तिच्या खांबापाशी आल्यावर मोठ्या बानं बाटली बाजूला ठेवली. कुणाच्या तरी हातातून खरा तुंबा घेतला, त्याला बांधायला जुनी दोरी होती, आणि खांबाच्या बुडाशी पाणी ओतलं. बराच वेळ ओतलं. माती पीत राहिली. मग तो वाकून, आपल्या घरातल्या माणसाशी बोलावं तसं, आमच्या बोलीत म्हणाला, "पोरं घरी आली गं. आता पी."

हबूबा माझ्याकडं बघत होती. तिला ऐकायचं होतं. मी ते अरबीत सांगितलं, शब्दाला शब्द. मग तिनं उशाशी ठेवलेला माझा कहव्याचा कप उचलून माझ्या हातात दिला. तो कधीचा निवला होता. मी प्यायले.